निरसं दूध: विक्रीला परवानगी असावी का, आणि असावी तर कोणत्या अटींवर?

सायसाखर (एडिसन, न्यू जर्सी)

गेल्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलो ते फक्त दुधासाठी. तासाभराचा रस्ता. गोठ्याच्या दाराशी एक छोटी खोली, आत फ्रीज, भिंतीवर राज्याचा परवाना लावलेला. दोन गॅलन निरसं, म्हणजे न तापवलेलं कच्चं दूध घेतलं. घरी येऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तापवलं, गार करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी सुरीने कडेकडेने साय सोडवली तर अख्खीच्या अख्खी उचलून आली, भाकरीसारखी. सासूबाई चार महिने झाले इथे आहेत. रोज दुकानातलं दूध तापवायच्या आणि वर आलेला तो पातळ पापुद्रा बघून गप्प बसायच्या. त्या दिवशी त्यांनी आपणहून विरजण लावलं.

हे दूध आमच्या न्यू जर्सीत विकायला बंदी आहे. नदीपलीकडे परवाना घेऊन उघड विकता येतं. १९८७ पासून केंद्राच्या नियमाने निरसं दूध पिण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला नेता येत नाही. स्वतःच्या घरापुरतं कुणी आणलं तर त्याच्या मागे लागणार नाही, एवढं अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने (एफडीए) २०११ मध्ये स्पष्ट केलं, म्हणून आमची गाडी निर्धास्त परत येते. राज्याच्या हद्दीत काय चालेल ते ज्याचं त्याने ठरवायचं. कॅलिफोर्नियात दुकानात बाटली मिळते. कुठे फक्त गोठ्यावर मिळतं. कुठे विकत मिळत नाही, पण गाईत वाटा घेता येतो, म्हणजे कागदोपत्री तुम्ही आपल्याच गाईचं दूध पिता. आयोवाने २०२३ मध्ये दार उघडलं. कॅनडात मात्र १९९१ पासून देशभर बंदी.

माझं म्हणणं आधीच सांगते. गोठ्यावरून थेट विक्रीला परवानगी असावी, नियमित तपासणीच्या अटीवर. आपण कुठे ते कच्चं पितो? आपल्या घरात दूध येतं तेच मुळी तापवण्यासाठी. मग साय, लोणी, तूप, खरवस करणाऱ्या माणसाला तासभर गाडी का हाकावी लागावी? इथे गोठ्याशी संबंध असलेले, डॉक्टर, इतर देशांत राहणारे बरेच जण आहेत. मला खरंच जाणून घ्यायचंय.

बाल्टीमोरकर

ताई, साय हवी असेल तर निरशाच दुधाची गरज नाही. साय येत नाही ती होमोजनायझेशनमुळे. दाबाने बारीक भोकांतून दूध ढकलतात, स्निग्धाचे कण फुटून इतके बारीक होतात की वर तरंगतच नाहीत. पाश्चरायझेशन, म्हणजे जंतू मारायला दूध तापवणं, ही वेगळी प्रक्रिया. पाश्चराइज्ड पण होमोजनाइज न केलेलं 'क्रीम टॉप' दूध इकडे मिळतं, काचेच्या बाटलीत, गळ्याशी पिवळसर थर दिसतो. महाग आहे, पण आमच्याकडे तूप त्याचंच होतं.

सायसाखर

हे माहीत होतं, आणून पाहिलंय. साय बरी येते. पण खरवसाचं काय? चीक कुठल्या दुकानात मिळणार? शिवाय माझा प्रश्न फक्त माझ्या पातेल्याचा नाही. १५-२० गाईंचा गोठा असलेल्या माणसाला थेट गिऱ्हाईक मिळालं तर तो टिकतो, नाहीतर मोठ्या डेअरीच्या भावावर जगतो आणि एक दिवस गाई विकून टाकतो.

सूक्ष्मदर्शी

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत १७ वर्षं काम करतेय. माझा विरोध आहे, आणि तो नीट मांडते.

दूध कासेत असतं तेव्हा जनावर निरोगी असेल तर जवळजवळ स्वच्छ असतं. बाहेर येताना सडावर, हातावर, बादलीत, हवेत जे असेल ते त्यात उतरतं. ३७ अंशांचं, साखर-प्रथिनांनी भरलेलं द्रव, जंतूंना याहून काय हवं? तासाभरात दोनदा-तीनदा दुप्पट होतात. कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, लिस्टेरिया आणि सगळ्यात वाईट म्हणजे ई. कोलाय ओ१५७. हा शेवटचा गाईच्या आतड्यात सुखाने राहतो, गाय ठणठणीत दिसते, आणि मोजके जंतूही लहान मुलाला पुरतात.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) नोंदींत १९९८ ते २०१८ या काळात निरशा दुधाशी जोडलेले २०२ उद्रेक आहेत. २,६४५ माणसं आजारी, २२८ रुग्णालयात, ३ मृत्यू. ही फक्त नोंदलेली. पोट बिघडलं म्हणून घरी झोपून राहिलेला यात नाही. आणि याच नोंदींवरच्या अभ्यासात, जिथे विक्रीला उघड परवानगी आहे तिथे बंदीच्या राज्यांपेक्षा ३.२ पट उद्रेक दिसले. परवानगी दिली की पिणारे वाढतात.

पाश्चरायझेशन म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटं. एवढ्यात हे सगळे मरतात. कॅल्शियम, प्रथिनं तशीच राहतात, काही जीवनसत्त्वं थोडीशी कमी होतात. निरशा दुधात लॅक्टोज पचवणारं एन्झाइम असतं हे तर साफ खोटं आहे.

न्यूयॉर्कमध्ये १८५० च्या दशकात दारूच्या भट्टीतला चोथा खाऊ घातलेल्या, अंधाऱ्या कोठड्यांत बांधलेल्या गाईंचं दूध विकलं जायचं आणि तान्ही मुलं मरायची. १८९३ मध्ये नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्याने गरिबांसाठी पाश्चराइज्ड दुधाची केंद्रं उघडली. शिकागोने १९०८ मध्ये शहरापुरता पाश्चरायझेशनचा कायदा केला. ही लढाई लोकांनी मुलं पुरून जिंकलेली आहे.

गोठेकर_पन्हाळा

मी शेतकरी. सात म्हशी, दोन गाई. माझी बाजू वेगळी आहे म्हणून लिहितो.

कोल्हापुरात गंगावेशीला दूध कट्टा आहे. संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, फेसासकट पेला हातात. धारोष्ण. पैलवान मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पितात. माझे वडील तालमीतून सुटले की तिथेच. त्यामुळे निरसं दूध म्हणजे विष असं मला कुणी सांगितलं तर पटत नाही. पण हेही खरं की माझ्या घरात ते कुणी पीत नाही. आई तापवल्याशिवाय मांजरालासुद्धा घालत नव्हती.

आता स्वच्छतेचं. पहाटे चारला उठतो. आधी शेण ओढायचं, मग धार, उलटं नाही. कास कोमट पाण्यानं धुवायची आणि कोरड्या फडक्यानं पुसायची. ओली ठेवली की त्याच पाण्याचे थेंब बादलीत. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या कापडावर मारायच्या. गुठळी दिसली की दगडीची (कासेच्या रोगाची) सुरुवात, ते दूध वेगळं. धार झाल्यावर सड आयोडीनच्या पाण्यात बुडवायचा आणि जनावराला लगेच वैरण टाकायची, म्हणजे ते अर्धा तास उभं राहतं. धार काढल्यावर सडाचं तोंड उघडं असतं, तेवढ्यात शेणात बसलं की जंतू आत.

हे सगळं मी करतो. शेजारचा करत नाही. दोघांचं दूध संकलन केंद्रावर एकाच कॅनमध्ये ओततात. भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर (स्निग्ध सोडून दुधातला बाकीचा घन भाग). फॅट पॉइंटानं कमी आली की पैसे कापतात, पण माझ्या दुधात जंतू कमी म्हणून आजवर कुणी एक रुपया जास्त दिला नाही. मॅडम, तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर असेल. पण स्वच्छ दुधाला किंमत कोण देणार, ते पण सांगा. थेट विकायला मिळालं तरच ती मिळते.

अनामिक_आई

हे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. कोणतं राज्य, कोणता गोठा, ते सांगणार नाही.

आमच्याकडे विक्रीला बंदी, म्हणून आम्ही गाईत वाटा घेतला होता. दर आठवड्याला एका घराच्या गॅरेजमधून बरण्या उचलायच्या. देणारी बाई फार प्रेमळ होती. ती म्हणाली, तापवू नका, सगळं चांगलं ते मरतं. मी मराठी घरात वाढलेली, निरसं दूध दिसलं की गॅस पेटवायचा हे हातात बसलेलं. तरी मी ऐकलं. मुलाला सारखी सर्दी व्हायची, वाटलं फरक पडेल.

तो चार वर्षांचा होता. एका बुधवारी पोटात कळा, गुरुवारी शी मध्ये रक्त. डॉक्टरांनी विचारलं गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं. मी भात, वरण, पास्ता, केळं, सगळं सांगितलं. दूध सांगितलंच नाही. दूध हे 'खाल्लं' मध्ये मी धरलंच नव्हतं. आठव्या दिवशी लघवी थांबली. चेहरा सुजला, गोरा होता तो पिवळट करडा दिसायला लागला. अकरा दिवस डायलिसिस. आईचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा तिने एकच विचारलं, तापवलं नव्हतंस का गं?

आज तो नऊ वर्षांचा आहे, क्रिकेट खेळतो. दर सहा महिन्यांनी किडनीची तपासणी. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

माझं मत विचाराल तर मला बंदी नको आहे. त्या गॅरेजमध्ये कसली तपासणी नव्हती, कसलं लेबल नव्हतं, कारण कायद्याच्या लेखी ती विक्रीच नव्हती. बंदीनेच ती पळवाट तयार केली. परवाना असता तर कुणीतरी महिन्यातून एकदा नमुना नेला असता. आणि बरणीवर इशारा लिहिलेला असता.

सायसाखर

ताई, काय लिहू. तुम्ही सांगितलंत त्याबद्दल खूप खूप आभार. शनिवारी पातेलं उतरवल्यावर आमची धाकटी पेला घेऊन आली होती, मी म्हटलं थांब, तापू दे नीट. आज तो क्षण परत परत आठवतोय.

यॉर्कशायरची_वहिनी

इंग्लंडची पद्धत सांगते, कदाचित उपयोग होईल. इकडे निरसं दूध विकायला परवानगी आहे, पण दुकानात नाही. गोठ्यावर, गोठेवाल्याच्या स्वतःच्या घरपोच फेरीत किंवा शेतकरी बाजारात त्याने स्वतः विकायचं. बाटलीवर लिहावं लागतं की हे दूध उष्णतेची प्रक्रिया केलेलं नाही आणि त्यात आरोग्याला अपायकारक जंतू असू शकतात. मिलीलीटरला जंतूंची एकूण संख्या २०,००० च्या आत आणि कोलिफॉर्म (शेण-घाणीची खूण देणारे जंतू) १०० च्या खाली. कळप अधिकृतरीत्या क्षयमुक्त आणि ब्रुसेलामुक्त (जनावरं गाभडवणारा, माणसालाही होणारा जंतूंचा रोग नसलेला) असलाच पाहिजे. स्कॉटलंडमध्ये मात्र १९८३ पासून पूर्ण बंदी, म्हणजे एका देशात दोन तऱ्हा.

आमच्या गावाबाहेरच्या गोठ्यावर दुधाचं यंत्र होतं, नाणं टाकून बाटली भरायची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी गेले तर यंत्र बंद आणि काचेवर हाताने लिहिलेला कागद. कळपातल्या एका गाईच्या क्षयाच्या चाचणीचा निकाल संशयास्पद आला, निकाल स्वच्छ येईपर्यंत विक्री थांबवली आहे. पाच महिने ते यंत्र बंद होतं. गोठेवालीचं नुकसान किती झालं असेल. पण मला त्या कागदामुळेच त्या गोठ्याचा विश्वास वाटतो. चाचणी होते, निकाल लागतो आणि विक्री खरंच थांबते.

जनावरांचा_डॉक्टर (अहिल्यानगर)

यॉर्कशायरच्या वहिनींनी ब्रुसेलाचं नाव घेतलं म्हणून लिहितो. आपल्याकडे या धाग्यातला सगळ्यात मोठा विषय तो आहे.

गाय-म्हैस गाभण राहते आणि सातव्या महिन्याच्या पुढे गाभडते. वार अडकते. शेतकरी किंवा त्याची बायको उघड्या हाताने वार काढते, वासरू उकिरड्यावर टाकते. काही आठवड्यांनी त्या बाईला संध्याकाळचा ताप यायला लागतो, रात्री घाम, कंबर आणि गुडघे धरतात. टायफॉइडचं औषध होतं, संधिवाताचं होतं. एका गवळ्याचं निदान व्हायला सात महिने लागले, तेही मी त्याच्या गोठ्यातल्या गाभडलेल्या म्हशींची संख्या ऐकून रक्त तपासायला सांगितलं म्हणून. सहा आठवडे प्रतिजैविकं घ्यावी लागली. तो निरसं दूध पीतही होता आणि वारही काढत होता, नेमकं कशातून झालं कोण सांगणार.

केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकुत आणि ब्रुसेलासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदाच लस द्यायची. नरांना द्यायची नाही. लस टोचताना आम्ही हातमोजे आणि चष्मा घालतो, कारण ती जिवंत लस आहे. गावात अजून कितीजण म्हणतात की पारडी लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी वय निघून गेलेलं असतं. निरशा दुधाच्या परवानगीची चर्चा करायची तर त्या गोठ्यातल्या प्रत्येक पारडीला ही लस आहे का, इथून करा. बाटलीवरचं लेबल नंतर.

गोठेकर दादा, तुमची काळ्या कापडाची सवय फार चांगली. सीएमटीचं (दगडी ओळखायच्या चाचणीचं) द्रावण मिळालं तर आठवड्यातून एकदा तेही करा, गुठळी दिसायच्या आधीची दगडी त्यात कळते.

कोथरूडची_मीनल

आमच्या सोसायटीत काचेच्या बाटलीतून गाईचं दूध येतं. ए२, अनपाश्चराइज्ड, पहाटे काढून सातच्या आत दारात. घेऊन येणारा मुलगा सांगतो, तापवू नका, एन्झाइम मरतात. नेहमीच्या पिशवीच्या दुप्पट भाव. अनामिक आईंचं वाचून पोटात गोळा आला. हे बंद करू का?

सूक्ष्मदर्शी

मीनल, बंद करू नका, तापवा. आजपासून. उकळी येऊ द्या आणि ढवळत दोन मिनिटं राहू द्या.

ए१-ए२ हा दुधातल्या एका प्रथिनाचा फरक आहे. त्याचा जंतूंशी काही संबंध नाही. ए२ गाईच्या शेणातही तेच जंतू असतात. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये वेष्टनावरून ए१-ए२ चे दावे काढा असा आदेश दिला होता आणि काही दिवसांतच मागे घेतला. त्यामुळे लेबलं तशीच आहेत.

अनामिक आई, तुमचा अनुभव वाचून मी माझी पोस्ट पुन्हा वाचली. बंदीच्या राज्यातलं तुमचं दूध कुठल्याच तपासणीत नव्हतं ही गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती, हे मान्य करते.

जनावरांचा_डॉक्टर (अहिल्यानगर)

मीनलताईंसाठी एक भर. तापवल्याने जंतू मरतात, पण तापवल्याने न जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला अपायकारक भेसळ म्हणावी असे नमुने निघाले फक्त १२. पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर आणि ७७ मध्ये प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर. अफ्लाटॉक्सिन येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून, ओल्या सरकीतून, पावसात भिजलेल्या कडब्यातून. ते उकळून जात नाही, पाश्चरायझेशनने जात नाही. त्या पाहणीत निरशापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात ते जास्त आढळलं. म्हणजे पिशवी घेतली म्हणून सुटका नाही.

भेसळ म्हटलं की युरिया आणि डिटर्जंटच्या बातम्या येतात, धाडी पडतात, फोटो छापून येतात. पेंडीच्या गोदामात ओल आहे का ते बघायला मात्र कुणी जात नाही. मला या गोष्टीची फार चीड येते.

गिरगावकर

वय ७८. मुंबईची जुनी गोष्ट सांगतो, कारण निरसं दूध नियमात आणायचा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर झालेला आहे.

शहरभर तबेले होते. भर वस्तीत म्हशी, गटारात शेण, आणि दुधात पाणी. १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली. दारा खुरोडी हे त्यामागचे दूध आयुक्त, पुढे १९६३ मध्ये त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे मिळालं. शहरातल्या म्हशी तिकडे हलवायच्या, दूध पाश्चराइज करायचं आणि केंद्रांवरून बाटलीत वाटायचं. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि दूध पावडर मिसळून स्वस्त टोन्ड दूध काढायची कल्पनाही त्यांचीच.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पहाटे पाचला कार्ड आणि रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन केंद्रावर रांगेत. बाटली नीट धुतलेली नसेल तर बाई परत पाठवायची. आमचा जुना गवळी, घरी रतीब घालणारा, काही वर्षं येत राहिला. आईने त्याला एकदम तोडलं नाही. त्याचं खरवसासाठी आणि सणाला, रोजचं केंद्राचं.

मला त्यातून एवढंच दिसतं की नुसती बंदी घालून मुंबईतलं दूध सुधारलं नसतं. म्हशींना जागा दिली, गवळ्याचं दूध विकत घेतलं, लोकांना परवडेल अशी बाटली दिली.

आयोवाची_सून

आमच्याकडच्या २०२३ च्या कायद्याबद्दल थोडं. गोठ्यात दुभती जनावरं १० पेक्षा जास्त नकोत, विक्री थेट पिणाऱ्यालाच. दुकान, हॉटेल नाही. छोट्याला सोपं जावं हा हेतू.

पण मार्च २०२४ मध्ये टेक्सास, कॅन्ससकडे दुभत्या गाईंत बर्ड फ्लू निघाला. गोठ्यातली मांजरं निरसं दूध पिऊन मेली. आजारी गाईच्या दुधात विषाणू भरपूर असतो, पाश्चरायझेशनने तो मरतो. डिसेंबर २०२४ पासून केंद्राने देशभर कच्च्या दुधाचे नमुने तपासायला सुरुवात केली. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हा आजार नव्हताच. म्हणून मला वाटतं नियमात नवीन रोगाची चाचणी जोडायची सोय असावी, दरवेळी विधिमंडळात जायला लागू नये.

सायसाखर

तीन दिवस धागा वाचतेय, झोप लागत नाहीये. सूक्ष्मदर्शी, तुम्ही ज्या अभ्यासाचा ३.२ पटीचा आकडा दिलात, त्यातला दुसरा आकडा मला सापडला. जिथे दुकानातून विक्री होते तिथे, फक्त गोठ्यावरून विक्री असलेल्या राज्यांपेक्षा ३.६ पट उद्रेक. म्हणजे कुठे विकलं जातं याने एवढा फरक पडतो. गोठ्यावर घेणारा माणूस जनावर बघतो, शेण बघतो, विकणाऱ्याचा चेहरा बघतो. दुकानात बाटली चार हात फिरते आणि दिवस जातात.

त्यामुळे मी सुरुवातीला 'नियमित तपासणी' असं जे मोघम लिहिलं होतं ते बदलते. विक्री फक्त गोठ्यावरून. गाईत वाटा घेण्याच्या व्यवस्थेलाही तेच नियम, एकही कमी नाही. कॅलिफोर्नियात दुकानातल्या निरशा दुधालासुद्धा मिलीलीटरला १५,००० जंतू आणि १० कोलिफॉर्म ही मर्यादा आहे, गोठ्याला त्याहून सैल का असावी? निकाल गिऱ्हाइकाला दिसेल असा भिंतीवर लावायचा. आणि बाटलीवर नुसता इशारा नको, काय करायचं ते लिहा: तापवून प्या. जर्मनीत गोठ्यावर अशी विक्री करताना पिण्याआधी उकळा अशी पाटी लावावीच लागते. आपल्या आज्या जे सांगायच्या तेच.

सूक्ष्मदर्शी

तो आकडा बरोबर आहे. गोठ्यावरच विक्री, वाटा-पद्धतीलाही तपासणी आणि 'तापवून प्या' ही पाटी, एवढं असेल तर माझा विरोध बराच मऊ होतो. तरी एक अडचण सांगते. ओ१५७ गाईच्या शेणात रोज सापडत नाही, कधी असतो कधी नसतो. पहिल्या तारखेचा नमुना स्वच्छ आला म्हणजे बाराव्या तारखेचं दूध स्वच्छ, असं होत नाही. चाचणी गोठ्याची सवय कशी आहे ते सांगते. बाटलीची हमी ती देऊ शकत नाही. हमी गॅसच देतो. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, केमो चालू असलेला माणूस घरात असेल तर मी अजूनही म्हणेन, घरात आणूच नका.

गोठेकर_पन्हाळा

पाटीला माझी हरकत नाही. मीच लावीन. पण चाचणीचा खर्च कुणावर? सात म्हशींच्या गोठ्यानं दर पंधरवड्याला नमुना शहरात पाठवायचा, बर्फात, दोन तास एसटीनं, आणि पैसे भरायचे, तर दुधात उरणार काय? सगळा नियम शेवटी मोठ्या गोठ्याच्या सोयीचा होतो, कारण त्याला लॅब परवडते. गिरगावकर आजोबांनी सांगितलं तसं करा. संकलन केंद्रावर मिथिलीन ब्लूची साधी चाचणी होऊ शकते. निळा रंग जितका लवकर उडतो तितके जंतू जास्त. पाच तास टिकला तर दूध उत्तम. ती आठवड्यातून एकदा करा, निकाल फळ्यावर नावासकट लिहा आणि पाच तासवाल्याला लिटरमागं एक रुपया द्या. एका महिन्यात सगळं गाव कास पुसायला लागेल.

जनावरांचा_डॉक्टर (अहिल्यानगर)

फळ्यावर नावासकट लिहायचं हे अगदी बरोबर. माझ्या भागातल्या एका केंद्राच्या सचिवाला उद्याच बोलतो. रुपयाचं त्यांच्या हातात नाही, पण फळा आहे.

सायसाखर

गोठेकर दादा, येत्या शनिवारी परत जातेय. गाई व्यायला आल्यात, चीक मिळेल का विचारणार आहे. तासाभराच्या रस्त्याला दूध कसं आणू? मागच्या वेळी नुसतंच डिकीत ठेवलं होतं.

गोठेकर_पन्हाळा

डिकीत अजिबात नको. खोक्यात बर्फ, त्यात मीठ घाला, बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा. घरी आल्याबरोबर तापवा, आधी फ्रीजमध्ये ठेवून मग संध्याकाळी असं करू नका. चीक घ्यायचा तर पहिल्या दिवसाचा मागू नका, तो वासराचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा घ्या, पातळ असतो, त्यात थोडं दूध घालून गूळ, वेलची. वाफ पूर्ण वीस मिनिटं. मधे सुरी खुपसून बघा, कोरडी आली पाहिजे.

अनामिक_आई

सायसाखर, एक थर्मामीटर पण घ्या. स्वयंपाकाचा. आणि भिंतीवरच्या परवान्याशेजारी निकाल लावलेत का ते बघून इथे लिहा. नसतील तर मागा.

सायसाखर

घेते. शेवटचे चार निकाल मागते. मिळाले तर रविवारी इथे टाकीन, आणि नाही मिळाले तरी लिहीन.